'इकडे बघ, हस ना जरा!' : लहान मुलांचे फोटो काढतानाचे तुमचे अनुभव

परवा फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो उडवायला बसले. मुलगा आता तीन वर्षांचा आहे आणि त्याचे फोटो निघाले अकरा हजारांच्या वर. त्यातले धड किती असतील? दोन संध्याकाळी घालवून मोजले, चाळीस. बाकीचे हललेले, पाठमोरे, कपाळ कापलेले, नाहीतर मग ते ठरावीक हसू. ओठ ताणलेले, दात बाहेर आणि डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे टीव्हीवर.

त्या चाळीस फोटोंकडे पुन्हा पुन्हा बघताना एक गोष्ट लक्षात आली. त्यातला एकही फोटो काढताना मी "इकडे बघ" म्हटलेलं नव्हतं. एक तर अगदी चुकून निघालेला आहे. माझी पाठ धरली होती म्हणून मी जमिनीवर आडवी होते. हा शेजारी बसून पायातला मोजा हातात घालायची खटपट करत होता. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, भुवया एकमेकींना भिडलेल्या आणि मोज्याच्या टाचेत अडकलेला अंगठा. दारातून आलेला उजेड नेमका गालाच्या लवेवर पडलाय. मी बसल्या जागेवरून ओरडले असते तर तो मोजा टाकून उठला असता आणि मला अकरा हजारांतलं आणखी एक हसू मिळालं असतं.

म्हणून हा धागा. साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे फोटो काढताना तुमचं काय जमलं आणि काय फसलं, ते लिहा. फोन चालेल, मोठा कॅमेराही चालेल. पुस्तकातले नियम नकोत, स्वतःच्या घरात घडलेलं हवं. फोटो जोडू नका, नुसतं सांगा.

रांगणाऱ्या मुलीचा बाबा

जमिनीवर आडवं होण्याचं मी बरोब्बर ओळखलं, कारण माझे गुडघे त्याची साक्ष देतात. मुलगी रांगायला लागली तेव्हाचे माझे सगळे फोटो उभ्याने काढलेले आहेत. प्रत्येकात एक भलंमोठं डोकं, त्याखाली शेपटीसारखं निमुळतं होत गेलेलं अंग आणि भोवती फरशी. मुलीपेक्षा फरशीचेच फोटो जास्त. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं दिसणार, उभ्या माणसाच्या फोनला डोकंच जवळ असतं.

मग पालथा पडलो. तरी काहीतरी चुकत होतं. फोन उभा धरला की लेन्स वरच्या टोकाला राहते, म्हणजे तरीही वितीभर उंचीवर. एक दिवस फोन चक्क उलटा केला, लेन्स खाली, जमिनीला जवळजवळ टेकलेली. काय फरक पडला म्हणून सांगू! समोरून येणारी मुलगी एकदम मोठी, रुबाबदार दिसायला लागली, एखादी वाघीण चाल करून येते तशी. मागे फरशीऐवजी लांबवरचं दार आणि त्यातला प्रकाश.

दुसरी चूक जवळ जाण्याची. फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते, ती तोंडाजवळ नेली की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आता मी दोन पावलं मागे सरतो आणि दोन पटीची लेन्स वापरतो. चेहरा चेहऱ्यासारखा येतो आणि मुख्य म्हणजे तिला फोन हिसकावता येत नाही.

जुळ्यांची आई

आमच्याकडे एकाचे डोळे उघडे असले की दुसऱ्याचे मिटलेले असतात, त्यामुळे एकच फोटो काढणे हा प्रकार नाही. सलग दहा-बारा काढायचे आणि त्याच दिवशी रात्री एक ठेवून बाकीचे उडवायचे. "नंतर निवडू" म्हणालात की धागाकर्तीसारखे अकरा हजार होतात. :)

पोर्ट्रेट मोडने (चेहरा स्पष्ट ठेवून मागचं धूसर करणारी फोनची सोय) मला खूप फसवलं. एक जण वितभर पुढे, एक मागे, की मागचा धूसर. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ १.८ लावलं, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडलं, तरी तेच. आता दोघांना एका रेषेत बसवते, लेन्सपासून सारख्या अंतरावर. किंवा अॅपर्चर (म्हणजे ते भोक) एफ ५.६ पर्यंत बारीक करते. आणि बसवते कशात, तर रिकाम्या खोक्यात. खोक्यातून बाहेर यायला दोघांना साधारण पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढी पुरतात.

कॅमेरावाली मावशी

माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे म्हणून घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला मला हौसेने बोलावणं येतं. पहिल्या वर्षी मी सगळं ऑटोवर सोडलं होतं. घरी येऊन बघते तर पोरांच्या जागी भुतं. संध्याकाळची वेळ, खोलीतले दिवे, कॅमेऱ्याने शटर १/३० वर, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहील असं, नेऊन ठेवलेलं. भिंतीवरची घड्याळं सुरेख आली होती, कारण ती पळत नव्हती.

तेव्हापासून शटर माझ्या हातात. मूल बसून खेळत असेल तर १/२५०, चालत-पळत असेल तर १/५००, झोक्यावर किंवा उडी मारताना १/१००० च्या पुढे. मग आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ३२०० वर गेला तरी जाऊ द्यायचा. फोटोत थोडे दाणे दिसतात, दिसू देत. दाणेदार फोटोत मूल असतं, हललेल्या फोटोत काहीच नसतं. ज्यांच्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस आहे त्यांनी तो लावून सतत फोकसवर ठेवावा, म्हणजे मूल हललं तरी फोकस त्याच्यामागे जातो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात नव्हता, तेव्हा फोकसचा बिंदू हाताने जवळच्या डोळ्यावर नेत बसायचे आणि तोवर डोळा दुसऱ्या खोलीत गेलेला असायचा.

घरातल्या एलईडी दिव्यांचं एक लक्षात ठेवा. काही दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात, आपल्या डोळ्यांना कळत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा. शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. तिथे १/१०० वर यावं लागतं, मग पळणारं मूल हलतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी अशा वेळी सरळ पोरांना घेऊन खिडकीत जाते, नाहीतर फ्लॅश छताकडे वळवते. छत पांढरं असलं तर सगळ्या खोलीत मऊ उजेड पसरतो. रंगीत छताला हे करू नका. हिरव्या छताखाली अख्खी बालवाडी काविळीतून उठल्यासारखी आली होती.

रांगणाऱ्या मुलीचा बाबा

मावशी, फोनवाल्यांनी काय करायचं? रात्री तर आमचे सगळेच हललेले येतात.

कॅमेरावाली मावशी

नाइट मोड बंद करा आधी. तो एकाहून जास्त फोटो घेऊन जोडतो किंवा सेकंद-दोन सेकंद उजेड गोळा करतो, झाडाला ठीक आहे, पोराला नाही. आणि लेन्स पुसा. हसू नका, मी दर वेळी लोकांचे फोन स्वतःच्या ओढणीने पुसते. लहान मुलं असलेल्या घरातल्या फोनवर काय काय चिकटलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. निम्म्या लोकांचा "कॅमेरा खराब झालाय" तिथेच बरा होतो.

पाच नातवंडांचे आजोबा

मी रोलच्या काळातला माणूस. एका रोलमध्ये ३६ फोटो, ते संपवायला आम्हाला तीन-चार महिने लागत. त्यामुळे बोट बटणावर ठेवून वाट बघायची सवय हाडात भिनली आहे. नातवंडांना माझं आश्चर्य वाटतं, की आजोबा कॅमेरा घेऊन तासभर नुसते बसतात आणि चार फोटो काढतात.

माझी जागा ठरलेली आहे. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थेट ऊन येत नाही अशी. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घेतो. खोलीतले दिवे मालवतो, कारण दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या. मग त्या उजेडाच्या तुकड्यात त्यांचं आवडतं खेळणं ठेवून देतो आणि गप्प बसतो. मुलं आपणहून तिथे येतात. पहिली दहा मिनिटं माझ्याकडे बघून वाकुल्या दाखवतात, त्यानंतर मी त्या खोलीतलं एक कपाट होऊन जातो. खरे फोटो कपाट झाल्यावरचे.

बाहेर काढायचे असतील तर दुपारी डोक्यावरच्या उन्हात काढू नयेत. डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि मुलं डोळे बारीक करतात. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं केलं तर भर दुपारीही बरे येतात.

जाता जाता एक जुनी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात फोटो निघायला कित्येक सेकंद लागत. मोठी माणसं स्तब्ध बसत, पण तान्ह्याला कोण बसवणार? मग आई खुर्चीत बसून बाळाला धरायची आणि तिच्या अंगावरून डोक्यापासून चादर घालायचे, म्हणजे ती खुर्चीचा भाग वाटावी. असे फोटो आजही बघायला मिळतात. बाळ मजेत, आणि त्याच्यामागे चादरीखाली माणसाच्या आकाराचं काहीतरी. इंग्रजीत त्यांना 'हिडन मदर' म्हणतात. एकदा ती दिसली की मग बाळाकडे लक्ष जात नाही.

भाच्याची आत्या

हे जरा वेगळं आहे, पण या धाग्यात असायलाच हवं. माझा भाचा दीड वर्षाचा असताना मी फ्लॅश लावून त्याचे फोटो काढले. एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरट. लाल डोळे सगळ्यांना माहीत आहेत, फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून आणि तिथल्या रक्ताने भरलेल्या थरावरून परत येतो म्हणून बाहुली लाल दिसते. पांढऱ्याकडे मी दुर्लक्ष केलं, कॅमेऱ्याचा दोष म्हणून. पुढच्या महिन्यातल्या फोटोंतही तोच डोळा पांढरा.

वहिनीला सांगायला जीभ रेटेना. शेवटी दादाला दोन्ही फोटो दाखवले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासलं, तर जन्मतःच मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली, आता चष्मा लावतो आणि तो डोळ्यांवरून कपाळावर सरकवायची ऐट करतो.

पांढरं दिसलं म्हणजे काहीतरी आहेच असं नव्हे. मूल तिरपं बघत असेल तर कधी कधी नुसत्या कोनामुळेही तसं दिसतं. पण रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही असाच दिसू शकतो आणि तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो. तेव्हा फ्लॅशच्या फोटोत एकच बाहुली पांढरी दिसली तर फोटो उडवू नका. तो घेऊन लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि लाल डोळे आपोआप काढून टाकणारी सोय फोनमध्ये चालू असेल तर ती बंद ठेवलेली बरी, असं माझं मत झालं आहे.

धागाकर्ती

आत्या, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ताच उठून जुने फ्लॅशचे फोटो बघून आले.

तान्ह्या बाळाची आई (दुसरी खेप)

पहिल्या वेळी एका स्टुडिओत गेलो होतो. बाळ बारा दिवसांचं. फोटोग्राफरला तो प्रसिद्ध प्रकार हवा होता, बाळ कोपरांवर टेकून दोन्ही हातांवर हनुवटी ठेवून झोपलंय. तो खरंच बाळाचं डोकं त्याच्या हातांवर टेकवायला लागला. मान एका बाजूला कलंडली. मी बाळाला उचललं आणि बाहेर पडले, दिलेले पैसे सोडून.

नंतर कळलं की जाणकार लोक तो फोटो एका फटक्यात काढतच नाहीत. एकदा डोकं धरून ठेवतात, एकदा मनगटं, आणि दोन फोटो जोडून मोठ्या माणसाचे हात पुसतात. म्हणजे बाळ एक क्षणही मोकळं नसतं. तुमच्या समोर कोणी बाळाची मान अशी सोडत असेल तर फोटो गेला उडत.

दुसऱ्या वेळी घरीच काढले. पोट भरलेलं, खोली उबदार, बाळ गाढ झोपलेलं. पहिल्या दोनेक आठवड्यांत बाळं पोटात असल्यासारखी आपणहून मुटकुळं करून झोपतात, त्यांना वळवावं लागत नाही. एकच गोष्ट शिकले, बाळाचं डोकं खिडकीकडे करायचं, पाय नाही. उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरला पाहिजे. उलटं केलं की हनुवटीखालून नाकपुड्यांत उजेड जातो, लहानपणी आपण अंधारात हनुवटीखाली विजेरी धरून घाबरवायचो तसं. आणि चेहऱ्यापेक्षा तपशील काढा. मुठीत घट्ट धरलेलं माझं करंगळीचं टोक, कानामागची लव, पायाच्या तळव्यावरच्या सुरकुत्या. या गोष्टी महिन्याभरात बदलतात. चेहऱ्याचे फोटो सगळेच काढतात.

चार वर्षांच्या संपाची बाजू मांडणारा बाबा

आमच्या बाईसाहेबांनी चार पूर्ण झाल्यावर फोटोंवर बहिष्कार टाकला. कॅमेरा दिसला की दोन्ही हात तोंडावर. आमिषं दाखवली, रागावलो, लपून काढले. लपून काढलेला एक तिने बघितला आणि रडली. "मी नाही म्हटलं होतं ना!" ते खरं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग जुना छोटा कॅमेरा दोरी लावून तिच्या गळ्यात घातला. आठवडाभरात तिने तीनशे फोटो काढले. बघण्यासारखे होते हो! आमचे गुडघे. टेबलाची खालची बाजू, तिथे कोणीतरी पूर्वी चिकटवलेलं एक स्टिकर, जे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. माझ्या नाकपुड्या. दाराच्या कड्या. मांजर, मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवरून. घर तिला कसं दिसतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. मुलांच्या हातात कॅमेरा देणं ही काही माझी नवी शक्कल नाही, १९०० साली आलेला कोडॅकचा ब्राउनी हा खोक्यासारखा कॅमेरा मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच विकला गेला होता.

त्यानंतर करार झाला. ती माझा एक काढणार, मी तिचा एक काढणार, आणि नावडता कोणता उडवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. ती बरेच उडवते. जे ठेवते ते मात्र खरंच चांगले असतात.

पोझवाली आई

सगळे नैसर्गिक फोटोंच्या मागे लागलेत, पण मला पोझ दिलेलाच फोटो आवडतो बाबा. नीट भांग पाडलेला, समोर बघणारा. तो मोज्याचा फोटो आजीला पाठवला तर म्हणेल, अगं चेहरा कुठाय?

युक्ती फक्त एवढीच की "हस" म्हणायचं नाही. "काही झालं तरी हसायचं नाही हं" असं गंभीर चेहऱ्याने सांगायचं. साडेतीन वर्षांपासून पुढे हे हमखास चालतं. किंवा "या गोल काचेत एक मुंगी गेलीये, दिसते का बघ". दोन्ही डोळे थेट लेन्समध्ये. मुंगी आठवड्यातून एकदाच वापरा, फार ताणलंत तर विश्वास उडतो. आणि भुकेल्या, झोप आलेल्या मुलाचा फोटो काढायला जाऊ नका, त्यात दोघांचंही भांडण होतं.

शांतपणे चिडलेली आई

फोटो काढण्याइतकंच ते कुठे जातात हेही लिहिते. माझ्या मुलाचा टबातला, अंघोळीचा फोटो मी फक्त घरच्यांना पाठवला होता. एका नातेवाइकाने तो सरळ स्टेटसला लावला. कौतुकाने, पण लावला. तिथून तो कोणाकोणाच्या फोनमध्ये गेला, देव जाणे.

आता उघड्या अंगाचा फोटो मी पाठवतच नाही. शाळेचा बिल्ला, घराची पाटी दिसत असेल तो भाग कापते. फोनच्या कॅमेऱ्याची ठिकाण नोंदवण्याची सोय बंद केली आहे, नाहीतर फोटोच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. आणि वर कराराचं लिहिलंय ते वाचून वाटलं, हा प्रश्न मुलाला पण विचारायला हवा. पाच वर्षांचा आहे. विचारलं. "आजीला पाठव, दुसऱ्या कोणाला नको" म्हणाला. झालं.

जुळ्यांची आई

अगदी अगदी. आणि फोटो दोन जागी ठेवा, त्यातली एक घराबाहेरची. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा दोघांचे पहिले सात महिने त्यात होते. जे आहेत ते बहिणीला पाठवलेले तेवढेच.

धागाकर्ती

आजोबांची चादरीखालची आई काही डोक्यातून जाईना. म्हणून त्या चाळीस फोटोंकडे आज पुन्हा बघितलं, मुलाकडे नाही, कडांकडे. चौदा फोटोंत मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे, किंवा गुडघा, किंवा त्याला मागून धरलेला पंजा. तोंड एकातही नाही. घरात मीच फोटो काढते, आणि दुसऱ्याने काढला तर मीच म्हणते, "थांब, माझा अवतार बघ, मला काप त्यातून". चादर मीच ओढून घेतली होती.

बाकी, काल तुमचा फोन उलटा धरायचा प्रयोग केला. पालथी पडले, लेन्स जमिनीला, खिडकी बाजूला, दिवे बंद, लेन्स पुसलेली. कपाट व्हायचं म्हणून अजिबात बोलले नाही. पाच मिनिटं तो गाडी फिरवत होता. सहाव्या मिनिटाला येऊन माझ्या पाठीवर बसला आणि म्हणाला, "चल घोडा!" माझ्या फोनमध्ये आला तो फक्त गालिचा.

आवाज ऐकून नवरा आत आला, त्याने दिवा लावला आणि उभ्याउभ्याच वरून फोटो काढला. पट्टे आलेत, फरशीच फरशी आहे, मुलाचं डोकं भलंमोठं आणि मी खाली केस पिंजारलेली. एकेचाळीसावा म्हणून ठेवलाय.